तृणकर्तनयंत्र-सिद्धतेचा जाबता

मराठेशाहीच्या काळी मोहिमेचा हंगाम दसऱ्याला सुरू होत असे. चार महिने छावणीत स्वस्थ पडलेली फौज, नद्यांचे पूर ओसरले आणि वाटा वाळल्या म्हणजे, सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस बाहेर पडे. आणि तत्पूर्वी खंडेनवमीस तलवारी-भाले घासूनपुसून, गंधफूल वाहून त्यांची यथासांग पूजा होई. त्याच मुलखात जन्म घेऊन, शिक्षण आणि चाकरी यांच्या ओघात न्यू जर्सीत येऊन स्थिरावलेल्या, आणि घराबरोबर पाव एकर हिरवळही खरेदीखतात अनवधानाने पदरी पाडून घेतलेल्या गृहस्थाची मोहीम मात्र नेमक्या उलट ऋतूत निघते. दिवाळीच्या सुमारास त्याचे हत्यार गराजच्या कोपऱ्यात म्यान होते, पुढे चार-पाच महिने त्याच्यावर बर्फ उपसण्याची फावडी, मुलांच्या सायकली आणि गणपतीच्या मखराचे थर्मोकोल रचले जाते, आणि पाडव्याच्या आगेमागे ते बाहेर काढण्याची वेळ येते. पूजेचा दिवस वर्षाच्या एका टोकाला आणि लढाई दुसऱ्या टोकाला, अशा या विपरीत व्यवस्थेमुळे ते यंत्र बहुधा पहिल्याच दिवशी रुसते. हा रुसवा टळावा, निदान तो शास्त्रोक्त रीतीने व्हावा, एवढ्याच हेतूने हा जाबता सिद्ध केला आहे.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. गुढीपाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने त्या दिवशी पंचांग न उघडता कोणतेही कार्य आरंभावे असे आपण मानतो. परंतु या कामी पाडव्याचा भरवसा धरता येत नाही, कारण अधिक मासाच्या कृपेने तो मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोठेही येऊ शकतो, आणि मराठी मंडळाचा पाडवा तर ज्या शनिवारी शाळेचे सभागृह भाड्याने मिळेल त्या शनिवारी येतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाच्या गावी एक बिळवासी प्राणी दर वर्षी २ फेब्रुवारीस बाहेर काढला जातो आणि त्यास स्वतःची सावली दिसली तर थंडीची मुदत आणखी सहा आठवडे वाढली असे जाहीर होते; त्याच्या साक्षीवर कोणत्याही मामलेदाराने निकाल देऊ नये. भरवशाची साक्ष फोर्सिथियाची. पाने फुटण्याच्याही आधी पिवळ्याधमक फुलांनी लगडलेले हे झुडूप कुंपणाच्या कडेला दिसू लागले की जमीन उबू लागली आणि गवताच्या मुळांना जाग आली असे खुशाल समजावे. शेजारच्या सद्गृहस्थाच्या यंत्राची घरघर ही आणखी एक खूण आहे, पण ती ऐकू आल्यावर सिद्धतेस प्रारंभ करणे म्हणजे शत्रू वेशीत शिरल्यावर दारूगोळ्याची मोजदाद मांडणे होय.

ज्याची सिद्धता करावयाची त्याचे कुलवृत्त ठाऊक असलेले बरे. हे यंत्र इंग्लंडात, ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड गावाच्या परिसरात, १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने निर्माण केले व त्याची सनद घेतली. लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावर उभी राहिलेली लव फिरत्या पात्यांनी छाटून ते गुळगुळीत करणारे एक यंत्र असे. ते पाहून याच युक्तीने जमिनीवरची लव का छाटू नये, असा विचार त्याच्या मनात आला. तोपर्यंत अमीर-उमरावांच्या बागांतील हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने, कुशल मजुरांकरवी, पहाटेच्या दवात कापली जात असे, किंवा ते काम मेंढ्यांकडे सोपवलेले असे. मेंढीला ऑइल लागत नाही, तिची धार लावावी लागत नाही आणि थंडीत तिचे पेट्रोल नासत नाही, या गोष्टी बडिंगने लक्षात घेतल्या होत्या किंवा काय हे कळण्यास मार्ग नाही. पुढे त्या यंत्रास इंजिन आले, आणि मग नळकांड्यावर बसवलेल्या अनेक पात्यांच्या जागी, जमिनीला समांतर, पंख्यासारखे गरगर फिरणारे एकच पाते आले. आज गराजमध्ये उभा असलेला मोअर बहुधा याच शाखेचा.

येथे मराठी मनात एक शंका उद्भवते, आणि ती रास्त आहे. आमच्याकडे गवत कापीत ते गुरांसाठी. पेंढ्या बांधीत, गंज्या रचीत, आणि वैशाखात तेच गवत घरच्या बैलाच्या दावणीत पडे. इकडे मात्र गवत वाढावे म्हणून त्यास खत द्यावयाचे, त्यावर पाणी शिंपावयाचे, आणि ते आज्ञाधारकपणे वाढले की वाढल्याच्या अपराधाबद्दल त्याचे शिर उडवावयाचे, व उडवलेले गवत ना माणसाच्या पोटात जावयाचे ना जनावराच्या. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील हिरवळीखालची जमीन सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर निघाली होती, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी अधिकच! एवढे अफाट पीक काढून त्यातले मूठभरही गोठ्यात न नेणारा शेतकरी आमच्या मुलखात असता तर त्याच्या घरच्यांनी त्याला एव्हाना देवऋषीकडे नेला असता. परंतु ही शंका मनातच ठेवावी हे उत्तम, कारण कित्येक गावांत गवत ठराविक इंचांपेक्षा उंच गेले की नगरपालिकेची नोटीस दारावर लागते, मुदत संपली की सरकारी माणूस येऊन ते कापतो, आणि त्याची मजुरी घरपट्टीच्या बाकीत चढते. सरकारदरबारी तत्त्वज्ञान रुजू होत नाही.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. यंत्रास हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगवरची रबरी टोपी काढून तिची तार दूर वळवून ठेवावी. हे कलम अव्वल आहे आणि यात हयगय नाही. “किल्ली नाही, बॅटरी नाही, मग भीती कसली?” असे म्हणणारे चतुर पुरुष आढळतात, त्यांना हे सांगावे लागते की दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनास ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. त्याच्या चक्रात लोहचुंबक बसवलेले असते आणि चक्र फिरले की ठिणगी आपोआप उत्पन्न होते. आणि हाताने ढकलण्याच्या बहुतेक मोअरचे पाते इंजिनाच्या दांड्यावरच थेट बसवलेले असल्याने, खाली वाकून पाते हाताने फिरवणे म्हणजे वर बसलेल्या चक्रास फिरवणेच होय. नव्या यंत्रांत हँडलावरची दांडी सोडताच ठिणगी बंद होण्याची व्यवस्था असते हे खरे, तथापि बोटांच्या बाबतीत व्यवस्थेपेक्षा तार काढणे अधिक विश्वसनीय.

यानंतर पेट्रोल. या प्रकरणात थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण वसंतातील दहांपैकी नऊ फिर्यादींचे मूळ येथेच सापडते, असे माझे मत आहे. आणि तरीही गृहस्थ प्रथम प्लग बदलतो, मग फिल्टर बदलतो, मग दोरी बदलतो, मग नशिबास बोल लावतो, आणि टाकीकडे सर्वांत शेवटी पाहतो. पेट्रोल ही नाशवंत वस्तू आहे. महिना-दोन महिन्यांत तिच्यातील चटकन पेटणारा अंश उडून जातो आणि मागे राहिलेला अंश हळूहळू चिकट होत डिंकाचे रूप धारण करतो. त्यातून अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलला हवेतील ओलाव्याची विलक्षण ओढ. पाच महिने ओलावा शोषलेले ते इथेनॉल कार्ब्युरेटरच्या तळाशी जाऊन बसते. कार्ब्युरेटरच्या खाली एक वाटी असते, ती एका बोल्टने वर घट्ट धरलेली असते, आणि कित्येक इंजिनांत त्या बोल्टच्याच पोटात सुईही जेमतेम शिरेल असे छिद्र असून सारे पेट्रोल त्यातूनच वर जाते. ते छिद्र बुजले की गृहस्थाच्या दंडातील बळ, इंजिनाची कीर्ती आणि कंपनीने दिलेली हमी ही तिन्ही निष्फळ ठरतात.

म्हणून टाकीचे झाकण उघडून वास घ्यावा. ताज्या पेट्रोलाचा वास नाकात चढतो. नासलेल्याचा वास जुन्या व्हार्निशसारखा आंबूस व जड येतो. तसा आला तर “अजून अर्धी टाकी आहे, वाया कशाला घालवा” हा कोकणस्थी विचार (तो देशस्थांनाही सुचतो) कटाक्षाने बाजूस सारावा व सर्व पेट्रोल डब्यात काढून घ्यावे. ते गटारात ओतू नये, झाडांच्या मुळाशीही ओतू नये. काउंटीकडून घातक कचरा जमा करण्याचे दिवस ठरलेले असतात, त्या दिवशी नेऊन द्यावे. मग वाटीखाली फडके धरून बोल्ट सोडवावा, वाटीतील गढूळ ऐवज टाकून द्यावा, बोल्टच्या छिद्रातून तांब्याच्या तारेचा एकच बारीक धागा आरपार फिरवावा, कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा मारावा, आणि वाटीच्या काठावरची रबरी कडी मोडली नसेल तर सारे पूर्ववत बसवावे. नवे पेट्रोल महिनाभर पुरेल इतकेच आणावे. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने ग्राहकास स्वतः पेट्रोल भरण्याची मनाई असल्याने डबाही पंपावरचा माणूसच भरून देतो, आणि डबा गाडीत ठेवून नव्हे तर खाली जमिनीवर ठेवून भरावयाचा असतो. साऱ्या प्रकरणात दुसऱ्याकडून करून घेता येईल असे हे एकच काम आहे, त्याचा पुरेपूर उपभोग घ्यावा.

ऑइलविषयी माहितीपुस्तक दोन आज्ञा देते. जुने ऑइल काढण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे चालवून गरम करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासह वाहून येते, ही एक. आणि ऑइल तपासल्याखेरीज इंजिन मुळीच सुरू करू नये, ही दुसरी. दोन्ही एकाच पानावर सापडतात, आणि ज्याचे इंजिन पाच महिन्यांत सुरूच झालेले नाही तो दोहोंमध्ये त्रिशंकू होतो. व्यवहार असा की काडीवर पातळी पाहावी, ती ठीक असल्यास प्लगची टोपी तेवढ्यापुरती लावून इंजिनास चालू होण्याची एक संधी द्यावी. ते झाले तर उत्तम, न झाले तर ऑइल थंडच काढावे, थोडे सावकाश येईल इतकेच. मावते ते फारतर अर्ध्या लिटराच्या आगेमागे. ते काठोकाठ भरू नये. अधिकस्य अधिकं फलम् हा न्याय इंजिनास लागू नाही, जास्त झालेले ऑइल निळसर-पांढऱ्या धुराच्या रूपाने शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाते. (शेजारी चादरी बाहेर वाळत घालीत नाही, हा भाग वेगळा.) जुने ऑइल मोटारीच्या सुट्या भागांच्या पुष्कळ दुकानांत विनामूल्य स्वीकारले जाते.

एअर फिल्टरबद्दल दोनच शब्द पुरेत: कागदी असेल तर बदलावा, स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ऑइलचे बोट लावून पिळून बसवावा. प्लगही बदलावा, त्याची किंमत चहा-फराळाएवढी. पुष्कळ लहान इंजिनांत त्याच्या दोन टोकांमधील फट तीस सहस्रांश इंच सांगितलेली असते, आणि तो आधी हाताने आट्यांत नीट बसला असेल तरच पाना लावावा.

आता पाते. हे यंत्राचे खरे शस्त्र, आणि खंडेनवमीचा काही अंश भरून काढण्याची संधी येथेच मिळते. यंत्र आडवे करताना कार्ब्युरेटर व फिल्टर यांची बाजू आकाशाकडे राहील असे करावे. उलट केल्यास ऑइल फिल्टरमध्ये उतरते आणि नुकताच बदललेला फिल्टर पुन्हा बदलण्याचा योग येतो. आडवे करण्यापूर्वी टाकी रिकामी असेल तर बरेच. जाड हातमोजे घालून, पाते व डेक (पात्यावरचे पत्र्याचे कवच) यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून, बोल्ट डावीकडे फिरवावा. तो फिरत नाही. गेल्या वर्षीच्या चिखलाने आणि गंजाने त्याला तेथे वतन मिळालेले असते व तो सहजासहजी बेदखल होत नाही. गंज सोडवणारे तेल मारून पंधरा मिनिटे थांबावे, लांब दांड्याचा पाना घ्यावा, आणि पान्यावर पाय देऊन उभे राहण्याचा मोह आवरावा. पाते सुटले की प्रथम त्याच्या कोणत्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचून ठेवावे, कारण ‘गवताकडची बाजू’ अशा अर्थाची अक्षरे पुष्कळ पात्यांवर ठोकलेली असतात, आणि ती न वाचता पाते उलटे बसवणाऱ्याचे यंत्र उन्हाळाभर गवत कापीत नाही, नुसते झोडपते. टोकांचे वर वळलेले पंख डेककडे असावेत, हीदेखील खूण ध्यानात ठेवावी.

धार लावण्यास कानस पुरे. मूळचा उतार आहे तोच राखावा, कानस एकाच दिशेने चालवावी, आणि वस्तऱ्यासारखी धार काढण्याची हौस करू नये. ती पहिल्या खड्यालाच मोडते. लोणी लावण्याच्या सुरीइतकी धार या कामास हवी. दोन्ही टोकांकडून सारखेच लोखंड जावे, याची परीक्षा म्हणून भिंतीत खिळा मारून त्यावर पाते मधल्या भोकाने अडकवावे. जी बाजू खाली झुकेल तिच्यावरून आणखी कानस फिरवावी, आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हा न्यायनिवाडा चालू ठेवावा. तोल चुकलेले पाते यंत्रास हादरवते, हँडलास हादरवते, आणि इंजिनाच्या दांड्याचे बेअरिंग खाते. बोथट पाते याहून सभ्यपणे सूड घेते: ते गवत कापण्याऐवजी फाडते, आणि एक-दोन दिवसांनी साऱ्या हिरवळीची टोके पांढुरकी-तपकिरी पडून दुरून पाव एकर जमीन आजारी दिसू लागते. मग गृहस्थ खताचे पोते आणतो. पात्याला खोल खाच पडली असेल, ते वाकले असेल किंवा त्याच्या वळलेल्या पंखाजवळचे लोखंड झिजून पातळ झाले असेल, तर त्यास सेवानिवृत्त करून नवे आणावे. तडकलेले पाते दुरुस्त करू नये. हे पाते सोडलेले असतानाच डेकच्या पोटात साचलेला गवताचा वाळका थर खरवडून काढावा. तो इतका कडक असतो की पहिल्याने पत्राच वाटतो.

प्रारंभाचा विधी सकाळी नऊनंतर करावा, रविवारी तर थोडा उशिराच. प्लगची टोपी पुन्हा बसवून हँडलाची दांडी दाबून धरावी, रबरी फुगवटा पुस्तकात लिहिला असेल तितक्या वेळा दाबावा किंवा चोक ओढावा, आणि दोरी प्रथम सावकाश, अडेपर्यंत, व मग एका लयीत ओढावी. ही दांडी १९८२ पासून केंद्र सरकारच्या नियमाने आवश्यक झाली आहे. हात सुटताच पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, असा तो नियम. ती सारखी दाबून धरण्याचा कंटाळा येतो म्हणून सुतळीने बांधून टाकण्याची कल्पना आपल्या लोकांना फार लवकर सुचते, म्हणून येथे स्पष्ट ताकीद द्यावी लागते. दोरी ओढताच ती हातातून उलट हिसकली जात असेल, तर गेल्या हंगामात पाते दगडावर आपटले होते किंवा काय हे आठवून पाहावे. चक्राखाली मऊ धातूची एक लहानशी की असते, तशा धक्क्याने ती कापली जाते आणि ठिणगी भलत्या वेळी पडू लागते. ती की किरकोळ पैशांत मिळते, ती काढण्यासाठी लागणारे अवजार मात्र तसे मिळत नाही. याच सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीतून “अहो, झालं का सुरू?” असा प्रश्न येतो. त्यास उत्तर देऊ नये, दोरी ओढावी.

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात पहिल्याच दिवशी हिरवळीचा गालिचा करण्याचा अविचार घडतो. चाकांजवळच्या तरफेने उंची तीन इंचांच्या आसपास ठेवावी, आणि एका खेपेस गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. या भागात लावलेले केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू थंड हवेचे गवत आहे, बुडापासून तासले तर जुलैत ते पाणी मागत बसते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तण शिरते. कापलेले गवत तेथेच पडू द्यावे, त्याचे खत होते. ज्यांनी बॅटरीवरचे यंत्र घेतले आहे त्यांना या जाबत्यातील पाते आणि डेक एवढीच कलमे लागू. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून बनवलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक लहान इंजिनांच्या यंत्रांची विक्रीच बंद करण्याचा नियम झाला आहे, आणि कालांतराने कार्ब्युरेटरची ही सारी विद्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांच्या शेजारी जाऊन बसेल अशी चिन्हे आहेत.

तोवर मात्र खरे कलम वसंताचे नसून शरदाचे आहे. नोव्हेंबरात शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवावे, किंवा ताज्या पेट्रोलात टिकाऊ औषध घालून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल इतकी मिनिटे चालवून मग ठेवावे. या दहा मिनिटांच्या दिरंगाईचे व्याज एप्रिलमध्ये शनिवारांच्या रूपाने वसूल होते, आणि पहिल्या उबदार शनिवारी दुरुस्तीच्या दुकानात लागणारी रांग पाहिली म्हणजे थकबाकीदारांची संख्या किती मोठी आहे हे कळते. दुकानात जाणाऱ्यांनी दोन क्रमांक लिहून न्यावेत. इंजिनाचा क्रमांक इंजिनावर ठोकलेला असतो आणि यंत्राचा बहुधा डेकच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर. फिल्टर व प्लग पहिल्यावरून मिळतात, पाते दुसऱ्यावरून.